त्रिनिदादला गेलात तर किनाऱ्यावर बसून राहू नका

अनुजा_टेक्सास

गेल्या मार्चमध्ये आम्ही चौघं ९ दिवस त्रिनिदादला जाऊन आलो. मी, नवरा, ११ वर्षांची लेक आणि पुण्याहून आमच्याकडे आलेल्या सासूबाई. ह्यूस्टनहून थेट विमान आहे. कॅरिबियन म्हटल्यावर ज्या एजंटकडे चौकशी केली त्याने ठरलेलं पॅकेज पुढे सरकवलं: किनाऱ्यावरचं हॉटेल, मनगटाला पट्टा, दिवसभर खा-प्या आणि आरामखुर्चीत लोळा. बेट कुठलं ते त्याच्या लेखी बिनमहत्त्वाचं होतं. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "समुद्र माझ्या माहेरी गुहागरला आहेच की. तिथली माणसं कशी राहतात ते बघायला मिळेल का?" तिथेच आमची सहल बदलली. इथे कॅरिबियनवर जे धागे आहेत ते जवळजवळ सगळे क्रूझ आणि बीच यांच्याबद्दल आहेत, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती माहीत नसेल तर तिथे दिसणाऱ्या निम्म्या गोष्टींचा अर्थ लागत नाही. ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी १८३४ साली कायद्याने संपली आणि १८३८ मध्ये गुलाम खऱ्या अर्थाने मोकळे झाले. उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' नावाचं जहाज कलकत्त्याहून दोनशेच्या वर मजूर घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला, म्हणजे त्रिनिदादच्या राजधानीला लागलं. १९१७ पर्यंत अशी १ लाख ४० हजारांहून जास्त माणसं आली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची, काही मद्रासकडची. करारावर अंगठा, पाच वर्षांची मजुरी, आणि परवान्याशिवाय मळा सोडला तर तुरुंग. आज ३० मे ही तिथे सार्वजनिक सुट्टी आहे.

आमचं पहिलं ठिकाण होतं वॉटरलू गावचं समुद्रातलं देऊळ. सिवदास साधू नावाचे मळ्यावरचे मजूर होते. त्यांनी १९४७ मध्ये किनाऱ्यावर एक देऊळ उभारलं. जमीन साखर कंपनीची होती. १९५२ मध्ये देऊळ पाडलं गेलं आणि साधूंना १४ दिवसांची कैद झाली. सुटून आल्यावर त्यांनी ठरवलं की जमिनीवर बांधू देत नाहीत ना, तर समुद्र कुणाच्या मालकीचा नाही, तिथे बांधू. सायकलवरून दगड, वाळू, सिमेंट नेऊन एकट्याने भराव घालायला सुरुवात केली. भरती यायची आणि केलेलं काम वाहून न्यायची. पुढची जवळजवळ २५ वर्षं ते हेच करत राहिले. देऊळ पुरं झालेलं त्यांना पाहायला मिळालं नाही. १९९० च्या दशकात, मजुरांच्या आगमनाला दीडशे वर्षं होत आली तेव्हा, सरकारने ते पक्कं बांधून दिलं.

आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती. देवळाच्या दोन्ही बाजूंना करडा चिखल, त्यात बगळे, आणि मधून चालत जायचा पक्का रस्ता. रस्त्याच्या कडेला बांबूंना लाल-पिवळे झेंडे. या झेंड्यांना तिकडे 'झंडी' म्हणतात. पूजा झाली की घराच्या अंगणातही लावतात. आम्ही नंतर गाडीतून जाताना त्यावरून घरं ओळखायला शिकलो: लाल झंडी म्हणजे या घरात हनुमानाची पूजा झाली. शेजारीच किनाऱ्यावर स्मशान आहे, उघड्यावर चिता रचतात. लेकीने विचारलं, मी सांगितलं. सासूबाईंनी तिकडे हात जोडले.

देवळाच्या पायरीवर साठीच्या एक बाई फुलं निवडत बसल्या होत्या. त्यांनी माझ्या लेकीला जवळ बोलावलं आणि सासूबाईंकडे बोट दाखवून इंग्रजीत विचारलं, "ही तुझी आजी का?" बाकीचं सगळं इंग्रजी, पण 'आजी' हा शब्द स्वच्छ आपला. सासूबाई तर दचकल्याच. "हिला मराठी येतं?" मग त्या बाईंनीच समजावलं. वडिलांची आई ती आजी, वडिलांचे वडील आजा, आईची आई नानी. भोजपुरीतून आलेला शब्द. बाईंना भोजपुरी बोलता येत नव्हतं, त्यांच्या आजीला येत होतं. पण नात्यांचे शब्द पाचव्या पिढीतही तेच राहिले. सासूबाई आणि त्या बाई पुढचा अर्धा तास एका पायरीवर बसून होत्या. एकीला इंग्रजी बेताचं, दुसरीला हिंदी जवळजवळ नाही. तरी तवा, बेलना, चुल्हा, मसाला, गीरा (म्हणजे जिरं) असे शब्द एकमेकींना देत-घेत बोलणं चाललं होतं. मी मुद्दाम मध्ये पडले नाही.

तिथून गाडीने अगदी जवळ कॅरापिचाइमाला ८५ फुटी हनुमान आणि दत्तात्रेयाचं मंदिर आहे. म्हैसूरच्या गणपती सच्चिदानंद स्वामींच्या परंपरेतलं, बांधणी दाक्षिणात्य. गाणगापूर-वाडी करणाऱ्या आमच्या सासूबाईंना अटलांटिकपलीकडे दत्त भेटले. आत गेल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

खाण्यावर वेगळा धागा होईल, पण एक गोष्ट सांगते. दक्षिणेला डेबे नावाचं गाव आहे, तिथे रस्त्याच्या कडेला ओळीने टपऱ्या आहेत. तिथे 'सहीना' मिळतो. अळूची पानं, वाटाण्याच्या डाळीचं पीठ लावून गुंडाळी, काप, तळण. सासूबाईंनी तुकडा मोडून आतले पदर पाहिले आणि म्हणाल्या, "अळूवडीच की ही. फक्त चिंच-गूळ आत घालायचा तो वरून ओतलाय." अगदी तसंच आहे, वर चिंचेची किंवा आंब्याची आंबट-तिखट चटणी घालून देतात. डबल्स तर जिथे-तिथे: हळद घातलेल्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या (त्यांना 'बारा' म्हणतात), मध्ये छोल्यांची पातळ उसळ. सकाळी सहाला रांगा लागतात. विकणारा 'पेपर (म्हणजे मिरची) किती' एवढंच विचारतो. मी कोल्हापूरची, मी 'भरपूर' म्हणाले. तिकडची मिरची आपल्यासारखी नाही, ती आधी सुगंध देते आणि मग डोळ्यांतून पाणी काढते. 'थोडं' म्हणा.

कॅरोनीचं कांदळवन आणि ला ब्रे इथलं डांबराचं तळं याबद्दल प्रतिसादात लिहिते, खूप लांबलं. कुणी तिथे राहिलं असेल तर कृपया भर घाला. आम्हाला शेजारच्या टोबॅगो बेटावर जायला जमलं नाही आणि कासवांचा किनाराही राहिला, त्याची मला खरंच खंत आहे.

पार्लेकर

सुंदर लिहिलंय. पोर्ट ऑफ स्पेन हे नाव आमच्या पिढीच्या कानात वेगळ्याच कारणाने बसलंय. मार्च १९७१, क्वीन्स पार्क ओव्हल. वेस्ट इंडीजविरुद्ध भारताचा पहिला कसोटी विजय. कर्णधार अजित वाडेकर. मडगावच्या दिलीप सरदेसाईंचं शतक (११२). सुनील गावसकरांची पहिलीच कसोटी, ६५ आणि नाबाद ६७. सलीम दुराणींनी दुसऱ्या डावात सोबर्सना शून्यावर त्रिफळाचित केलं आणि लॉइडला वाडेकरांकडे झेल द्यायला लावला. आमचे वडील त्या सकाळी वर्तमानपत्र हातात धरून जिन्यातच उभे राहिले होते, शेजारपाजारचे दार उघडून बाहेर येईपर्यंत.

मालिकेतली शेवटची कसोटीही तिथेच झाली. गावसकर १२४ आणि २२०, दात दुखत असताना. चार कसोटींत ७७४ धावा. तिकडच्या लोकांनी गावसकरांवर कॅलिप्सो, म्हणजे तिथल्या ढंगाचं गाणं रचलं. स्वतःच्या गोलंदाजांना ज्याने दमवलं त्याच्यावर गाणं करणारे लोक मला फार मोठ्या मनाचे वाटतात. आणि पुन्हा १९७६, तेच मैदान, चौथ्या डावात ४०६ धावा करून जिंकलो. मैदान पाहिलंत का?

अनुजा_टेक्सास

@पार्लेकर, बाहेरून पाहिलं, आणि नवऱ्याने फाटकावरच्या माणसाला विनवून पाच मिनिटं आत पाऊल ठेवलं. एका अंगाला हिरवे डोंगर अगदी मैदानाच्या खांद्याशी आल्यासारखे दिसतात. त्या माणसाला नवरा म्हणाला, आम्ही गावसकरांच्या गावाकडचे. त्याने लगेच दार मोठं उघडलं.

मीनल_कोथरूड

वाचताना अंगावर काटा आला. आपण इथे राहून सगळं विसरत चाललोय आणि त्यांनी १७५ वर्षांहून जास्त काळ आपली संस्कृती जशीच्या तशी जपली. आपल्यापेक्षा तेच खरे भारतीय म्हणायचे.

ताशावाला

मी पुण्यात पथकात ताशा वाजवतो. तिकडेही 'तासा' म्हणून वाद्य आहे असं ऐकलंय. ते आपल्या ताशासारखंच आहे का? कुणी जवळून पाहिलं असेल तर सांगा ना.

कूवाकर

मी चार वर्षं पॉइंट लिसासच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला होतो. नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि मिथेनॉल बनवण्याचे मोठे कारखाने आहेत तिथे. घर कूवा गावात. त्यामुळे थोडं अधिकाराने लिहितो.

@ताशावाला, नाव तेच आणि मूळही तेच, पण वाद्य आता त्यांचं झालंय. तासा खोलगट वाडग्यासारखा, पूर्वी मातीचा, आता बऱ्याचदा धातूचा. वर बकऱ्याचं कातडं. गळ्यात अडकवून दोन काठ्यांनी वाजवतात. आपल्या काड्या पातळ, लवचिक. त्यांच्या काठ्यांची टोकं जाड केलेली असतात, त्यामुळे आवाजाला गोलवा येतो. ताफ्यात दोन तासे: एक 'कटर', तो पुढे धावतो, तोडे घेतो, दुसरा 'फुले', तो लय धरून ठेवतो. सोबत मोठा ढोल, त्याला 'बास' म्हणतात, आणि पितळी झांज. झांजेला झांजच म्हणतात. आणि तालांना 'हात' म्हणतात! तिकोरा, नगारा, डिंगोले असे हात आहेत.

एक दृश्य विसरणार नाही. शेजाऱ्यांच्या मुलीचं लग्न होतं. लग्नाच्या आधी शुक्रवारी रात्री 'माटीकोर' असतो: बायका वाजतगाजत जाऊन माती खणून आणतात. निघण्याआधी वाजवणाऱ्या पोरांनी रस्त्याच्या कडेला पुठ्ठे आणि नारळाच्या झावळ्या पेटवल्या आणि तासे त्या जाळाभोवती तिरके उभे केले. कातडं तापून ताणलं जायला हवं. एक पोरगा दर मिनिटाला वाकून बोटाने टिचकी मारून पाहत होता, टक, टक, आणि सूर चढत चढत गेला. तो मनासारखा झाल्यावरच त्याने तासा उचलला.

आता @मीनल_कोथरूड. तुमची भावना कळते, पहिले सहा महिने मीही हेच बोलायचो. एकदा ऑफिसमध्ये एका सहकाऱ्याला म्हणालो, "तुम्ही लोकांनी आमची संस्कृती किती छान जपलीत." तो शांतपणे म्हणाला, "आम्ही तुमचं काही जपून ठेवलेलं नाही. हे आमचं आहे." मला तेव्हा लागलं ते. नंतर पटलं. जे आले ते दहा जिल्ह्यांतून, दहा जातींतून, अर्ध्यांना एकमेकांची बोली नीट कळत नव्हती. जहाजावर बरोबर आलेल्याला 'जहाजी भाई' म्हणून त्यांनी नवं नातं केलं. जहाजावर आणि मळ्यांच्या बराकींत जातीची उतरंड बरीचशी मोडली, हुंडा मागे पडला, अन्नाचे नवे मेळ झाले. 'जशीच्या तशी' असं काही राहिलेलंच नाही. तासा भारतातून गेला, पण तो आज सोका या कार्निव्हलच्या संगीतातही वाजतो. चटणी नावाचं नाचायचं संगीतच त्यांनी घडवलं. तुम्ही त्यांना 'खरे भारतीय' म्हणालात की त्यांनी दीडशे वर्षं राबून जो देश आपला केला, तो तुम्ही त्यांच्याकडून काढून घेता.

आणि बेट फक्त भारतीय वंशाच्या लोकांचं नाही. २०११ च्या जनगणनेत ३५ टक्के भारतीय वंशाचे, ३४ टक्के आफ्रिकी वंशाचे आणि २३ टक्क्यांच्या आसपास मिश्र. आपण मराठी पाहुणे जातो, देवळं पाहतो, रोटी खातो आणि परत येतो. अर्धं बेट न पाहताच.

मीनल_कोथरूड

@कूवाकर, तुमचं म्हणणं पटलं. मी त्या बाजूने विचार केला नव्हता. मग दुसरं अर्धं बेट कुठून पाहायला सुरुवात करावी?

कूवाकर

पॅनयार्डपासून, म्हणजे स्टीलपॅनच्या वाद्यवृंदांच्या सरावाच्या अंगणापासून. स्टीलपॅन म्हणजे तेलाच्या पिंपापासून बनवलेलं वाद्य. पिंपाचं तळ ठोकून खोलगट करतात आणि त्यात हातोडीने एकेका स्वराची जागा काढतात. त्याचा जन्म त्रिनिदादचा, आणि त्याच्यामागे एक मोठं भांडण आहे. १८८१ मध्ये कार्निव्हलच्या मशालींच्या मिरवणुकीवरून आफ्रिकी वंशाचे लोक आणि पोलीस यांच्यात दंगल झाली. पाठोपाठ ढोल वाजवण्यावर बंदी आली. मग लोकांनी वेगवेगळ्या लांबीचे बांबू जमिनीवर आपटून ताल धरला, त्याला तांबू-बांबू म्हणतात. १९३० च्या दशकात बांबूच्या जागी डबे, गाड्यांचे लोखंडी भाग आले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तेलाची पिंपं.

मला एक गोष्ट उशिरा उमगली. १८८४ मध्ये, म्हणजे त्या दंगलीनंतर अवघ्या तीन वर्षांनी, सान फर्नांडोला मोहरमच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्या मिरवणुकीला तिकडे 'होसे' म्हणतात. ताबूत घेऊन मळ्यावरचे हिंदू-मुसलमान मजूर शहरात येत होते. अनेक जण मेले. म्हणजे एकाच सरकारने एकाच दशकात दोन्ही समाजांचे ढोल आणि मिरवणुका रस्त्यावरून हटवायचा प्रयत्न केला. आज पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागात होसेचे ताबूत निघतात तेव्हा तासा वाजवणाऱ्यांत आफ्रिकी वंशाची पोरंही असतात. त्याच भागात रस्त्यांची नावं दिल्ली, लखनौ, मद्रास, बॉम्बे अशी आहेत.

जानेवारीपासून कार्निव्हलपर्यंत (राखेच्या बुधवारच्या आधीचे सोमवार-मंगळवार) संध्याकाळी पॅनयार्डांत सराव चालतो. 'पॅनोरमा' ही स्पर्धा १९६३ पासून आहे, मोठ्या वाद्यवृंदात शंभराच्या वर वादक असतात. सरावाच्या वेळी कुणीही जाऊन कडेला बसू शकतं. शाळेतली पोर, बँकेतला साहेब, आजोबा असे सगळे एकाच रांगेत. एकच आठ मात्रांचा तुकडा तासभर घोटतात. आपल्याकडे गणपतीच्या आधी पथकांचा सराव चालतो नदीकाठी, तसंच वातावरण. @ताशावाला, तू तर जाच.

ताशावाला

दादा, एवढं सविस्तर सांगितलंत, मनापासून आभार. 'हात' हा शब्द ऐकून फार बरं वाटलं. जाळावर तापवायची गोष्ट मी आमच्या पथकात वाचून दाखवली. आमच्यातले एक जुने वादक म्हणाले, त्यांच्या लहानपणी कातड्याचे ताशे असेच शेकोटीवर तापवायचे. आता फायबरचं पान आलं आणि ते गेलं.

निसर्गवेडा

पक्षी आणि जंगल यांचं कुणीच लिहीना म्हणून मी लिहितो. दोनदा गेलोय, दोन्ही वेळा फक्त पक्ष्यांसाठी.

त्रिनिदाद हे खरं तर दक्षिण अमेरिकेचा तुटलेला तुकडा आहे. व्हेनेझुएला इतका जवळ की स्वच्छ दिवशी दिसतो. म्हणून एवढ्याशा बेटावर चारशेच्या वर पक्ष्यांच्या जाती आहेत, इतर कॅरिबियन बेटांना ते भाग्य नाही. उत्तरेच्या डोंगरात एका घळीत ऑइलबर्ड राहतात. रात्री बाहेर पडून फळं खाणारे, आणि अंधारात वटवाघळासारखे आवाज सोडून वाट शोधणारे. पूर्वी त्यांच्या चरबीयुक्त पिल्लांचं तेल काढून दिवे लावायचे, त्यावरून हे नाव.

टोबॅगो चुकवू नका. विमानाने जेमतेम २५ मिनिटं, किंवा बोटीने तीन-चार तास. तिथल्या मेन रिज जंगलाला १३ एप्रिल १७७६ रोजी कायद्याने संरक्षण मिळालं. पश्चिम गोलार्धातलं कायद्याने राखलेलं हे सर्वांत जुनं जंगल मानतात. कारण वाचून मी थक्क झालो होतो: डोंगरमाथ्यावरची झाडं तोडली तर पाऊस कमी होईल आणि खालचे उसाचे मळे वाळतील, म्हणून माथा राखायचा. हेतू मळेवाल्यांच्या फायद्याचाच होता, मळ्यात गुलाम राबत होते, हे विसरून चालणार नाही. पण झाड आणि पाऊस यांचा संबंध १७७६ साली कायद्यात लिहिला गेला. आपल्याकडच्या देवराया आठवल्या. गिल्पिन ट्रेस नावाची पायवाट धरा, तिथला वाटाड्या घ्या, गमबूट भाड्याने मिळतात ते घालाच, चिखल घोट्याच्या वर येतो. १९६३ च्या फ्लोरा वादळात हे जंगल झोपलं होतं, तेव्हापासून पुन्हा उभं राहिलंय.

अनुजा_टेक्सास

किती सुरेख प्रतिसाद येताहेत! आता माझं राहिलेलं लिहिते.

कॅरोनी. दुपारी चारच्या सुमाराला होड्या सुटतात. दोन्ही बाजूंना खारफुटीची मुळं पाण्यात बोटं रोवल्यासारखी. नावाडी मध्येच इंजिन बंद करून डोक्यावरच्या फांदीकडे बोट दाखवायचा. वेटोळं घालून झोपलेला अजगराच्या जातीचा छोटा साप, किंवा मुठीएवढा सोनेरी लोकरीचा गोळा, तो म्हणजे झाडावरचा मुंगीखाऊ. पुढे उघड्या पाण्यावर होडी बांधून सगळे गप्प बसलो. साडेपाचनंतर पहिले तीन लाल ठिपके आले. मग दहा, मग थव्यामागून थवे. स्कार्लेट आयबिस, त्रिनिदादचा राष्ट्रीय पक्षी. समोरच्या हिरव्या बेटावर उतरत गेले आणि झाडं लाल होत गेली, आपल्याकडे पांगारा फुलतो तशी. लेकीने नावाड्याला विचारलं की पिल्लंही लालच असतात का. नाही म्हणाला, पिल्लं मातकट असतात. खेकडे-कोळंबीसारखं खाऊन अंगात रंग भरतो. याच पक्ष्याची मांसासाठी चोरून शिकार व्हायची. २०१८ मध्ये कायदा कडक केला, आता १ लाख त्रिनिदादी डॉलर दंड आणि दोन वर्षं कैद होऊ शकते. नावाडी म्हणाला की त्याच्या लहानपणी हे मांस त्याने स्वतः खाल्लंय. आता कुणी बंदूक घेऊन शिरलं तर तोच पहिला फोन करतो.

ला ब्रे. जगातला नैसर्गिक डांबराचा सर्वांत मोठा साठा, सुमारे १०० एकर. दिसायला काही नाही, मोठं सुरकुतलेलं पटांगण. मी हे आधीच सांगते कारण काही लोक निराश होतात. पण त्यावर चालायला लागलात की कळतं. पाय टेकला की किंचित दबतं, जागेवर उभं राहिलात तर हळूहळू बुटाचा ठसा खोल होत जातो. मधेमधे पावसाच्या पाण्याची डबकी, गंधकाचा वास, लोक त्यात डुंबतात. वाटाड्याने काठी खुपसून धाग्यासारखं लांब डांबर ओढून दाखवलं. वॉल्टर रॅले या इंग्रज दर्यावर्द्याने १५९५ मध्ये इथलं डांबर आपल्या जहाजांच्या फटी बुजवायला वापरलं होतं. वाटाड्याशिवाय जाऊ नका, काही जागा खरोखर मऊ आहेत. गावातली घरंही जमीन सरकल्यामुळे तिरकी झालेली दिसतात. ज्या गावाच्या डांबराने जगभर गुळगुळीत रस्ते झाले, त्या गावचा रस्ता उंचसखल आहे.

@कूवाकर, तुमचा मीनलताईंना दिलेला प्रतिसाद मी दोनदा वाचला. देवळातल्या बाईंशी बोलताना मीही "आपले लोक" असंच मनात म्हणत होते. त्या मात्र सासूबाईंना सारखं "तुमच्याकडे कसं करतात?" असं विचारत होत्या. तुमच्याकडे. मला तो शब्द आत्ता ऐकू आला.

गोदाकाठ

शाकाहारी माणसाचं कसं होईल? आणि व्हिसा, फिरणं, सुरक्षितता याबद्दल कुणी लिहील का? आई-वडिलांना घेऊन नाशिकहून जायचा विचार आहे.

कूवाकर

शाकाहारी माणसाचं उत्तम होतं. सकाळी साधा रोटी आणि बैगन चोखा मागा: जाळावर भाजलेलं वांगं, लसूण, वर तेलाची फोडणी. आपलं भरीतच. फोडणीला 'चंके' म्हणतात, छौंक शब्दावरून. दुपारी रोटीच्या दुकानात डालपुरीबरोबर चना-आलू, भोपळा, बोडी (चवळीच्या शेंगा) किंवा भाजी (पालेभाजी) घ्या. 'बस-अप-शट' लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, फाटक्या सदऱ्यासारखा कुस्करलेला पराठा असतो. कोथिंबिरीच्या जागी शॅडो बेनी नावाची लांब पानं वापरतात, वास आपल्या कोथिंबिरीच्या दुप्पट.

नाशिकहून जायचं तर थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे तिकीट काढलंत तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, हे तिकीट काढण्याआधी पाहा. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला मुंबई विमानतळावरून परत यावं लागलं होतं, कारण तिकीट विकणाऱ्याने हे सांगितलंच नव्हतं.

शहरांत मॅक्सी टॅक्सी असतात, म्हणजे वडापच. पट्ट्याच्या रंगावरून मार्ग कळतो: पिवळा पोर्ट ऑफ स्पेनच्या आसपास, लाल पूर्वेकडे, हिरवा दक्षिणेकडे. पण आई-वडील बरोबर असतील तर ओळखीतून चालकासह गाडी ठरवा. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. गुन्हेगारीची अडचण खरी आहे, झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अंधार पडल्यावर राजधानीत पायी हिंडू नका, पॅनयार्डलाही स्थानिक माणसाबरोबर जा, अंगावर सोनं नको. मला चार वर्षांत त्रास झाला नाही, पण मी हे नियम पाळत होतो.

आई-वडिलांना सिपारियाचं चर्च जरूर दाखवा. आत मेरीची सावळी मूर्ती आहे. कॅथलिक तिला 'ला दिविना पास्तोरा' म्हणतात, हिंदू 'सिपारी माई' म्हणतात. गुड फ्रायडेच्या सुमारास हिंदू बायका तांदूळ, तेल, फुलं घेऊन येतात, लहान मुलांचं जावळ काढतात. चर्च त्यांना येऊ देतं. आपल्याकडे माउंट मेरीला जाणाऱ्यांना हे परकं वाटणार नाही.

गोदाकाठ

खूप उपयोगी. आणि कासवं? आईला वेळासला नेलं होतं, तेव्हापासून तिला वेड लागलंय.

निसर्गवेडा

मग मे-जून गाठा. वेळासला ऑलिव्ह रिडले, इथे लेदरबॅक. जगातलं सर्वांत मोठं कासव, पाठ कवचाची नाही, चामड्यासारखी, वजन चार-पाचशे किलो सहज. १ मार्च ते ३१ ऑगस्ट माटुरा आणि ग्रांड रिव्हिएर या किनाऱ्यांवर परवान्याशिवाय जाता येत नाही. परवाना आणि वाटाड्या गावातल्या संस्थांकडून मिळतो. माटुराची गस्त १९९० पासून गावकरी घालताहेत, त्याआधी तिथे मांसासाठी कासवं मारायचे.

रात्री वाटाड्याकडे लाल दिवा असतो, आपला मोबाइल बंद ठेवायचा. मादी खड्डा खणत असताना दूर उभं राहायचं. अंडी घालायला लागली की ती जणू गुंगीत जाते, तेव्हा जवळ बोलावतात. मागच्या वल्ह्याने ती वाळू अगदी हलकेच उचलते, ओंजळीने काढल्यासारखी, आणि बाजूला ठेवते. श्वास ऐकू येतो, दमलेल्या बैलासारखा. डोळ्यांतून पाणी वाहतं, ते अंगातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकण्यासाठी.

ग्रांड रिव्हिएर राजधानीपासून डोंगरी रस्त्याने तीन तास लांब आहे, एक रात्र तिथेच मुक्काम करा. जूनमध्ये गेलात तर पहाटे पिल्लंही समुद्राकडे जाताना दिसतात. पावसाळा सुरू झालेला असतो, आईसाठी छत्री नको, रेनकोट घ्या. वाळूत छत्री धरून चालता येत नाही.

गोदाकाठ

जून नक्की करतोय. @कूवाकर, गाडी-चालकासाठी तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

अनुजा_टेक्सास

@गोदाकाठ, आईंना सांगा, वॉटरलूला जाताना ओहोटीची वेळ बघून निघा. आणि सासूबाई म्हणताहेत, त्या पायरीवरच्या बाई दिसल्या तर विचारा की गोडा मसाला संपला का.